आपलं ‘हो’ किती महागात पडतं!

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत पौड इथे आपल्या एका ताईंनी केलेलं हे भाषण. भाताच्या लावणीमुळे ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मला विषय दिलाय ‘कामाच्या ठिकाणी संवाद कसा साधावा’. हा विषय ऐकून माझी शेजारीण म्हणाली, “अगं, बायांना बोलायला काय शिकवतीस? आमच्या घरातले म्हणतात, हिला जरा गप बसायला शिकवा.” हसलात ना? खरंच आहे ते. आपल्याला बोलता येत नाही असं कुणी म्हणू नये. नळावर, लग्नघरात, एसटीच्या स्टँडवर आपण कुणाला हार जात नाही. याच मुळशीत १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रह झाला, त्यात इथल्या बायासुद्धा उतरल्या होत्या. आपण अशा मातीतल्या आहोत.

मग पिरंगुटच्या कंपनीच्या गेटमधून आत गेलं, हिंजवडीत हाउसकीपिंगचा ड्रेस घातला, बँकेत मॅनेजरच्या समोर बसलं, की आपला आवाज कुठे जातो? साहेब काहीही म्हणाले की आपल्या तोंडातून एकच शब्द निघतो. “हो.” समजलं तरी हो, नाही समजलं तरी हो. जमणार असेल तरी हो, नसेल तरी हो.

मी आज त्या ‘हो’बद्दलच बोलणार आहे. कारण माझ्या एका ‘हो’ने आमच्या गटाचं काम घालवलं. ही गोष्ट मी आतापर्यंत स्टेजवरून सांगितली नव्हती. आज सांगते.

दीडशे म्हणजे किती?

आमच्या गटातल्या आम्ही सात जणी एका कंपनीच्या कँटीनला चपात्या देत होतो. ठेकेदार दुसरा होता, आम्ही त्याला पुरवठा करायचो. शंभर माणसांचं जेवण, माणशी चार, म्हणजे रोज ४०० चपात्या. एका चपातीला ५ रुपये. पीठ, तेल, गॅस, टेम्पो जाऊन महिन्याला प्रत्येकीच्या हातात तीन-साडेतीन हजार रुपये पडायचे. पहाटे पाचला भट्टी पेटायची आणि अकराला टेम्पो निघायचा. घरात बसून, पोरांकडे बघून होणारं काम होतं. म्हणून आम्ही गटाकडून ४५ हजार रुपयांचं कर्ज काढलं आणि कणीक मळायचं मशीन आणि मोठा तवा घेतला.

एका शनिवारी संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. तो मी उचलला. मागे गाड्यांचा आवाज, रेंज जाऊन-येऊन. तो म्हणाला, “ताई, सोमवारपासून दीडशे वाढतील. जमेल ना?”

मी म्हणाले, “हो.”

फोन ठेवला आणि माझ्या मनात आलं, दीडशे म्हणजे दीडशे चपात्या का दीडशे माणसं? अगदी खरं सांगते, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण परत फोन करायला हात गेला नाही. वाटलं, साहेब म्हणतील हिला एवढंही कळत नाही. वाटलं, एकदम दीडशे माणसं कशी वाढतील? मग मीच ठरवून टाकलं, दीडशे चपात्या.

सोमवारी आम्ही ५५० चपात्या पाठवल्या. लागणार होत्या १०००. कंपनीने दुसरी पाळी सुरू केली होती, दीडशे माणसं नवीन होती. दुपारी निम्मी माणसं ताट घेऊन उभी आणि चपाती संपलेली. ठेकेदाराला वरून बोलणी बसली. त्याने दोन दिवस बाहेरून चपात्या आणल्या आणि त्या आठवड्यातच आमचं काम बंद केलं.

मैत्रिणींनो, आम्हाला १००० चपात्या जमल्या नसत्या असं नाही. शेजारच्या गटातल्या चार जणी मदतीला आल्या असत्या. रविवारचा अख्खा दिवस हातात होता. कमी पडला तो फक्त एक प्रश्न. “दीडशे चपात्या का दीडशे माणसं?” एवढाच.

मशीन तसंच पडून राहिलं. हप्ता मात्र दर महिन्याला येत राहिला. सात जणींनी तो बचतीतून आणि मजुरीतून भरला. त्यातली एक ताई, जिच्या मुलीच्या कॉलेजची फी त्या चपात्यांवर चालली होती, ती हिंजवडीला हाउसकीपिंगला जायला लागली. पहाटे पाचच्या गाडीने जायचं आणि रात्री आठला घरी यायचं. गटाच्या बैठकीला येणं तिला जमेना, आणि मग तिने गटच सोडला.

शेतात चालतं ते कंपनीत का चालत नाही?

मी नंतर खूप विचार केला. आपण लावणीला जातो, ईर्जिक असते. वीस-वीस बाया एका खाचरात उतरतात. तिथे कोण कुणाला सूचना देतं? कुणी सांगत नाही रोप किती अंतरावर लावायचं, मूठ कशी धरायची. तरी काम बिनचूक होतं. का? कारण लहानपणापासून सगळ्यांनी तेच काम, त्याच चिखलात, एकमेकींच्या शेजारी उभं राहून केलंय. अर्ध्या शब्दावर कळतं. कधी शब्दही लागत नाही, नुसती मान हलवली तरी पुरतं.

कंपनीत, बँकेत, पंचायत समितीत तसं नसतं. समोरच्याला आपलं घर माहीत नाही आणि आपल्याला त्याचं काम माहीत नाही. त्याच्या डोक्यात माणसं असतात, आपल्या डोक्यात चपात्या. शब्द एकच, पण अर्थ दोन. तिथे अर्ध्या शब्दावर काम केलं की अर्धंच काम होतं.

म्हणून बाहेरच्या कामाला पहिली सवय लावून घ्यायची ती ‘उलट सांगण्या’ची. समोरच्याने जे सांगितलं ते आपल्या शब्दात त्याला परत सांगायचं आणि विचारायचं, बरोबर आहे का? त्यात चार गोष्टी यायला पाहिजेत: काय, किती, कधी, कुणी. बोटावर मोजून लक्षात ठेवा. अंगठा धरून चार बोटं, चार प्रश्न.

मी त्या दिवशी एवढंच बोलायला हवं होतं: “साहेब, मला जे समजलं ते सांगते. सोमवारपासून दीडशे माणसं जास्त, म्हणजे एकूण हजार चपात्या, अकराच्या टेम्पोला. बरोबर आहे ना?” बोलायला अर्धा मिनिट लागला असता.

कुणाला वाटेल, असं परत विचारणं म्हणजे आपण अडाणी ठरतो. तर ऐका. विमान चालवणाऱ्या पायलटला खालून सूचना येते, एवढ्या उंचीवर जा, अमुक धावपट्टीवर उतर. तेव्हा तो नुसतं “हो” म्हणून मोकळा होत नाही. आलेली सूचना त्याला जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते, खालचा माणूस ती ऐकतो आणि चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. जगभर हाच नियम आहे. दवाखान्यातसुद्धा डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, तर नर्सने ते लिहून घ्यायचं आणि परत वाचून दाखवायचं, अशी शिस्त असते. जिथे जिवाशी गाठ असते तिथे शिकलेली माणसं दोनदा विचारतात. मग आपल्या पोटाशी गाठ असताना आपण एकदा विचारायला का लाजायचं?

आणि फोन झाल्यावर व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकायचा. लिहिता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, नाहीतर मुलीला लिहायला सांगा. मेसेज लांबलचक नको. “नमस्कार साहेब. आताच्या फोनप्रमाणे सोमवार ता. अमुकपासून २५० माणसांसाठी १००० चपात्या, सकाळी ११ वाजता. दर ५ रुपये. काही बदल असल्यास आज कळवावे.” बास. उद्या वाद झाला तर आपल्याकडे पुरावा राहतो. आणि खरं म्हणजे असा मेसेज गेला की वादच होत नाही.

‘नाही’ म्हणायचं कसं?

दुसरी अडचण ‘नाही’ म्हणण्याची. सुपरवायझर संध्याकाळी पाचला येऊन म्हणतात, “आज दोन तास थांबायचंय.” आपली शेवटची एसटी साडेसहाची. ती चुकली की पुढे कोळवण खोऱ्यात नाहीतर ताम्हिणीच्या बाजूला जायला रात्री वाहन मिळत नाही. अशा वेळी आपण दोनपैकी एक करतो. गप थांबतो आणि मग रात्री कुणाच्या तरी गाडीला हात करतो. नाहीतर इतकी कारणं सांगतो की समोरच्याला एकही खरं वाटत नाही. सासूबाईंचं दुखणं, पोराची परीक्षा, म्हशीचं दूध, नवऱ्याचा डबा. जेवढी कारणं जास्त, तेवढा आपला शब्द हलका होतो.

एक कारण सांगा, ते खरं सांगा, आणि त्याच्या जोडीला जे जमतं ते सांगा. “मॅडम, आज थांबता येणार नाही, माझी शेवटची गाडी साडेसहाची आहे. उद्या सकाळी एक तास लवकर येऊ शकते.” झालं. यात आवाज चढवायची गरज नाही, रडायची गरज नाही आणि माफी मागायचीही गरज नाही. समोरच्याला कळतं की ही काम टाळत नाही, हिची अडचण खरी आहे. कामाची पद्धतच जर रोज उशिरा थांबायची असेल, तर एकटीने रोज नाही म्हणण्यापेक्षा त्याच गाडीने जाणाऱ्या सगळ्या जणींनी मिळून एकदा सांगा: आम्हाला उशिरा थांबवायचं असेल तर घरापर्यंत गाडी द्या.

म्हसवडच्या बायांनी काय केलं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण मोठ्या साहेबासमोर छाती धडधडते त्याचं काय? त्यावर एक खरी गोष्ट सांगते. सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. दुष्काळी भाग. तिथे म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायांनी ठरवलं, आपली स्वतःची बँक काढायची. कारण रोज चार पैसे मागे टाकणाऱ्या बाईला दुसऱ्या बँका दारात उभं करत नव्हत्या. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या बायांना लिहिता-वाचता येत नाही, कागदावर अंगठे आहेत.

या बाया रडत घरी बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मग शिकू. दिवसभर काम करून संध्याकाळी अक्षरं गिरवायला बसल्या. पाच महिन्यांनी परत रिझर्व्ह बँकेत गेल्या, आणि या वेळी चेतनाताई एकट्या नव्हत्या, बाया स्वतः बरोबर गेल्या. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती म्हणून आम्ही शिकलो नाही, पण हिशोब आम्हाला येतो. कोणत्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटर न घेता काढू देत आणि आम्हीही काढतो, बघू कोण आधी काढतं. १९९७ साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ उभी राहिली. आज तिचं नाव देशाबाहेरही घेतलं जातं.

या गोष्टीत मला तीन गोष्टी दिसतात. एक, त्यांनी नकार का आला हे नीट ऐकून घेतलं. आपण पुष्कळदा “नाही” एवढंच ऐकतो आणि उठून येतो. “साहेब, कोणत्या कारणाने नाही? काय आणलं तर हो होईल?” हे विचारत नाही. कर्जाची फाइल परत आली तर हा प्रश्न विचारल्याशिवाय बँकेची पायरी उतरायची नाही. दोन, त्या तयारी करून गेल्या. धाडस हे काही जन्मतः मिळत नाही, तयारी झाली की ते आपोआप येतं. तीन, त्यांनी आपली कमी लपवली नाही आणि आपली ताकदही लपवली नाही. अक्षर कच्चं आहे, पण हिशोब पक्का आहे, हे सरळ सांगितलं.

आपलं बळ काय आहे? आपण दर आठवड्याला पंचसूत्री पाळतो. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. मॅनेजरसमोर बसल्यावर “साहेब, आम्ही गरीब बायका, आमच्याकडे बघा” असं कशाला म्हणायचं? “आमच्या गटाच्या इतक्या बैठका झाल्या, इतकी बचत आहे, एकही हप्ता थकला नाही, हे रजिस्टर बघा” असं म्हणा. विनवणीपेक्षा रजिस्टरचा आवाज मोठा असतो. आदल्या दिवशी घरी बसून तीन वाक्यं पाठ करा: आम्ही कोण, आम्हाला काय पाहिजे, आणि आम्ही ते का फेडू शकतो. आरशासमोर म्हणा, नाहीतर पोराला मॅनेजर करा आणि त्याच्यासमोर म्हणा. हसू येईल, येऊ द्या. दुसऱ्या दिवशी शब्द अडखळणार नाहीत.

तक्रार नको, मागणी सांगा

आपण पौडवरून जिथे भाजी न्यायला, दवाखान्याला जातो त्या पुण्यातली गोष्ट. तिथल्या कचरावेचक बायांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ साली सुरू झाली. पुढे ‘स्वच्छ’ नावाची त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महापालिकेबरोबर करार होऊन या बाया घरोघरी कचरा गोळा करायला लागल्या. त्यांना सगळ्यात मोठा त्रास होता वापरलेल्या पॅडचा. लोक ते ओल्या-सुक्या कचऱ्यात तसेच टाकायचे आणि बायांना ते हाताने वेगळे करावे लागायचे. आता ही गोष्ट कुणाच्या दारात उभं राहून बोलायची कशी? बोलणारीलाही लाज, ऐकणारीलाही लाज.

त्यांनी एक सोपी युक्ती लोकांना सांगितली. पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर पेनाने एक लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की बाई ते पुडकं न उघडता बाजूला ठेवणार. बघा, इथे “तुम्ही लोक घाणेरडे आहात” असं भांडण नाही आणि “आमच्याकडे बघा हो” असं रडगाणंही नाही. समोरच्याने नेमकं काय करायचं, एवढंच सांगितलं, आणि तेही एका ठिपक्यात बसेल असं.

आपणही तसंच करायला शिकू. “इथे काही सोय नाही” ही झाली तक्रार. “बायांच्या संडासाची कडी तुटली आहे, ती या आठवड्यात बसवून द्या” ही मागणी. “आमचा पगार नेहमीच कमी येतो” ही तक्रार. “माझे या महिन्यात २६ दिवस भरले, चिठ्ठीत २४ लिहिलेत, हजेरी दाखवाल का?” ही मागणी. तक्रारीवर समोरचा चिडतो. मागणी आली की त्याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

पगाराचं निघालंच आहे तर सांगते. कंपनीत किंवा ठेकेदाराकडे जाणाऱ्या पोरींनी पगाराची चिठ्ठी मागून घ्या आणि वाचा. पीएफ कापत असतील तर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते त्यावर साधारण १२ टक्के आपले कापले जातात, आणि मालकालाही तेवढेच भरायचे असतात. ईएसआयचे आपले ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर आपलाच असतो, तो मागायला लाजू नका. विचारायचं कसं? “साहेब, माझ्या पगारातून पीएफ कापला जातो, माझा यूएएन नंबर लिहून द्याल का?” यात कुणाचा अपमान नाही, कुणावर आरोप नाही. आपलं आपण विचारतोय.

जिथे गोड बोलून चालत नाही

एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती आवाज खाली न करता सांगते. कामाच्या ठिकाणी कुणी नको तसं बोलत असेल, हात लावत असेल, फोनवर घाणेरडे मेसेज पाठवत असेल, तर तिथे ‘संवाद कौशल्य’ नाही. तिथे सरळ “नाही, हे मला चालणार नाही” एवढंच. आणि मग लेखी. २०१३ सालचा कायदा आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायलाच हवी. जिथे दहापेक्षा कमी आहेत, किंवा तक्रार मालकाच्याच विरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ठेकेदाराकडची बाई असो, रोजंदारीवरची असो, घरकाम करणारी असो, कायदा सगळ्यांना आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, म्हणून तारीख, वेळ, ठिकाण, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. आणि एकटीने जाऊ नका. गटातली कुणी बरोबर न्या. गट फक्त कर्जासाठी नसतो.

आणि गटात काय?

शेवटचं. आपण बाहेरच्या साहेबांबद्दल एवढं बोललो. गटात आपण एकमेकींशी कसं बोलतो?

आमचं काम गेल्यावर पुढच्या तीन बैठका झाल्या. कुणी मला एक शब्द बोललं नाही. “तुझ्यामुळे गेलं” असं कुणी म्हटलं नाही, “जाऊ दे” असंही कुणी म्हटलं नाही. बचत जमा व्हायची, सह्या व्हायच्या, सगळ्या उठून जायच्या. आणि मीही बोलले नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं की ठेकेदारानेच नीट सांगितलं नाही. मला पडलेला तो प्रश्न मी विचारला नाही, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या गप्प बसण्याने काम गेल्यापेक्षा जास्त नुकसान केलं. काम गेल्यावर पैसे गेले होते, गप्प बसल्यावर माणूस गेलं.

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी मी त्या गट सोडलेल्या ताईच्या घरी गेले. चहा झाला. म्हटलं, “ताई, तेव्हा मला शंका आली होती. मी विचारलं नाही. चूक माझी होती.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे मला तेव्हाच सांगितलं असतंस ना, तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर नवीन काम शोधायला निघाले असते.”

म्हणून माझी प्रत्येक अध्यक्ष, सचिव आणि सीआरपी ताईला विनंती आहे. बैठकीत नेहमी बोलणाऱ्या दोघी-तिघी असतात, त्यांचं बोलणं सगळ्यात शेवटी घ्या. जी कोपऱ्यात बसते, जिची फक्त सही होते, तिला आधी विचारा, “ताई, तुझं काय मत?” तिने उत्तर द्यायला वेळ घेतला तर मध्येच तिचं वाक्य आपण पूर्ण करू नका. एखादीने हिशोब परत विचारला तर “तुला किती वेळा सांगायचं” असं म्हणू नका. गटात जिला असं उत्तर मिळतं, ती कंपनीत साहेबाला कधीच प्रश्न विचारणार नाही. प्रश्न विचारायची सवय आपल्याला आपल्याच सतरंजीवर लागली पाहिजे.

आणि या महिन्यात प्रत्येक गटाने एक खेळ करा. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं. एकीने ठेकेदार व्हायचं आणि एक ऑर्डर द्यायची, मुद्दाम अर्धवट: “बुधवारी लाडू पाठवा, शंभर.” दुसरीने चार बोटं मोजून विचारायचं. शंभर नग का शंभर पाकिटं? कोणते लाडू? कोणता बुधवार, किती वाजता? न्यायला कोण येणार, पैसे कोण देणार? ज्या गटाला जास्त प्रश्न सुचतील तो गट पुढे.

आमचं मशीन आता परत चालू झालंय. मोठं कँटीन नाही, आसपासच्या दोन-तीन ठिकाणी चपात्या आणि सणाला पुरणपोळ्या देतो. ती ताईही गेल्या वर्षी गटात परत आली. परवा एकाचा फोन आला, “मावशी, रविवारी पन्नास पाठवा.” मी म्हटलं, “थांब हो दादा. पन्नास माणसांच्या का पन्नास पोळ्या?” तो हसला, म्हणाला, “बरं झालं विचारलंत, पन्नास माणसांच्या.” फोन स्पीकरवर होता. ती ताई शेजारीच लाट्या करत बसली होती. काही बोलली नाही, पण माझ्याकडे बघून तिने चार बोटं वर केली.

मी म्हणाले, “हो, आता हो.”